कधी न भिजलेला बोया

मित्रांनो, आगरदांड्याच्या धक्क्याला लागून एक कौलारू वखार आहे. तिथे दोरखंड, फाटकी शिडे आणि गंजलेले नांगर यांच्या गर्दीत खुंटीला टांगलेले एक जुने पांढरे कडे तुम्हाला दिसेल. त्यावर लाल रंगाची फुली मारलेली आहे. तो मी. सरकारी भाषेत माझे नाव जीवरक्षक कडे, पण इथे मला लहानथोर सगळे बोया म्हणतात. पाण्यात पडलेल्या माणसाने मला धरायचे आणि मी त्याला वर ठेवायचे, एवढेच माझे काम. ते करण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात एकदाच आली.

माझे अंग बुचाचे. बाटलीच्या तोंडाला लावतात ते बूच म्हणजे एका झाडाची साल असते, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. ती साल पोर्तुगालातून इंग्लंडातल्या एका कारखान्यात आली. तिचे तुकडे जोडून मला गोल केले, वरून जाड कॅनव्हास शिवला आणि पांढरा रंग दिला. मग मला हौदात टाकून खाली लोखंडाची वजने लटकवली. एक दिवस आणि एक रात्र ते ओझे घेऊन मी तरंगलो. दुसऱ्या दिवशी एका चष्मेवाल्या गृहस्थाने माझ्या अंगावर काळा शिक्का मारला. तो शिक्का खरा होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. त्या दिवशी मी तरंगत होतो.

१९४७ च्या पावसाळ्यात रामदास बोट बुडाली आणि आपल्या किनाऱ्यावर गावेच्या गावे रडली. मुरूडच्या एका शेटजींची लाँच आगरदांडा ते दिघी अशी खाडी पार करायची. तिच्यावर तेव्हा एकही बोया नव्हता. पुढच्याच वर्षी ते मुंबईला गेले आणि मला घेऊन आले. तेव्हा कोणती वस्तू कशी असावी हे ठरवणारी संस्था दिल्लीला नुकतीच निघाली होती. बोयापर्यंत तिचा हात पोचायला अवकाश होता. शेटजींनी दुकानदाराला विचारले, "हा चांगला तरंगेल ना?" दुकानदाराने शिक्क्यावर बोट ठेवले आणि पुड्याचा दोरा बांधायला घेतला. शेटजींचे समाधान झाले.

लाँच चालवणारा तांडेल होता बुधाजी. पन्नाशीचा, रुंद छातीचा, तोंडाने फटकळ कोळी. त्याचा माझ्यावर पहिल्या दिवसापासून जीव जडला. त्याने मला सुकाणूच्या बाजूला, सर्वांना दिसेल असे टांगले आणि उतारूंना बजावले, "हात लावायचा न्हाय कोनी. इलायतचा हाय त्यो." लाँचमध्ये श्रीवर्धनकडचे मास्तर असत, सुपारीची पोती घेऊन निघालेले बागाईतदार असत, माहेरी चाललेल्या लेकी असत. सगळे माझ्याकडे पाहून निर्धास्त होत. नारळी पौर्णिमेला आधी समुद्राला नारळ आणि मग मला हळदकुंकू, असा मान होता. त्याआधी बुधाजी मला दरवर्षी पांढऱ्या तेलरंगाचा एक हात देई. शिक्क्यापाशी आला की मोठा कुंचला ठेवून बारीक घेई आणि बाळाच्या डोळ्यात काजळ घालावे तशा हलक्या हाताने कडेकडेने फिरवी. अंगावर रंगाचे थर चढत गेले, शिक्का मात्र जसाच्या तसा राहिला.

एकदा दिघीच्या एका म्हातारीची शेळी खाडीत पडली. म्हातारी कळवळून ओरडली, "अरं तांडेला, बोया टाक की!"

"शेळीसाठी बोया भिजवू?" बुधाजी म्हणाला. "खारं पानी लागलं म्हंजे कुजतो त्यो."

त्याने आकड्याच्या काठीने शेळी ओढून काढली. म्हातारीने पुढे कित्येक दिवस त्याच्याशी अबोला धरला. शेळी आता आपले तिकीट काढून बोयाखाली बसते, अशी थट्टा धक्क्यावर चाले. त्या थट्टेत माझे कौतुकच होते, म्हणून मलाही ती गोड लागे.

पण उन्हाने कॅनव्हासला बारीक चिरा पडल्या होत्या. त्यांतून पावसाळी ओल आत जाई आणि श्रावणातला रंग तिला आत कोंडून ठेवी. माझे बूच भुसभुशीत होऊ लागले. दुखले नाही. दुखले असते तर बरे झाले असते, निदान मला तरी कळले असते. आधी पाठीकडची बाजू बधिर झाली, मग खालची. पूजेचे कुंकू लावलेले कळेनासे झाले, मग ऊन कळेनासे झाले. मी खुंटीवर लटकत राहिलो आणि लोक मला चांगला म्हणत राहिले.

दरवर्षी तपासणीला कोणी ना कोणी साहेब येत. शिक्का वाचत, मान हलवत, शहाळे पीत आणि जात. पुढे काही मालावर आपल्या देशाचा शिक्का दिसू लागला, त्या सुमारास दत्तात्रेय नावाचे एक तरुण साहेब आले. त्यांनी शिक्का वाचला आणि शहाळे बाजूला ठेवले.

"तांडेल, हा शिक्का परदेशातला आहे आणि तोही दहा-अकरा वर्षांपूर्वीचा. आता आपण आपली तपासणी करायला हवी. वजनं बांधून एक दिवस-रात्र हौदात ठेवू."

बुधाजीचा चेहरा उतरला. मग तो तडकला. "सायेब, ज्यांनी आगबोटी बांधल्या त्यांचा शिक्का हाय ह्यो. त्यांच्यावर आपन शिक्का मारनार?"

"शिक्का मारायचा नाही, बघायचं आहे फक्त."

"आनि पान्यात घालून खराब झाला तं? उद्या कोन पडला, मंग मी टाकू काय?"

दत्तात्रेय साहेबांनी मला हातात घेऊन फिरवले. रंग चकचकीत, शिक्का काल मारल्यासारखा. साहेब मनाने वाईट नव्हते. पण बुधाजी वडिलांच्या वयाचा आणि तोही डोळ्यांत पाणी आणून बोलत होता. "बरं, दिवाळी होऊ दे," असे म्हणून ते निघून गेले.

दिवाळी तोंडावर आली होती. दिवेआगरचा बाबाजी मुरूडच्या बाजारासाठी नारळ घेऊन दिघीला लाँचमध्ये चढला. हा माडांच्या वाडीत कामाला असायचा. माडावर सरसर चढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण पाण्याशी त्याची ओळख नव्हती. न सोललेले नारळ त्याने जाळ्यात बांधून कडेला ठेवले होते आणि जाळ्याचा दोर मनगटाला गुंडाळला होता. खाडीच्या मध्यावर वारा फिरला. लाँच एका अंगाला कलली, जाळे घसरले आणि त्याच्यामागोमाग बाबाजीही पाण्यात गेला.

तो वर आला तेव्हा नारळांच्या जाळ्याला छातीशी कवटाळून होता. मित्रांनो, न सोललेला नारळ पाण्यात बुडत नाही. बाबाजी घाबरला होता, पण त्याचे डोके पाण्याच्या वर होते. लाँच वळवून त्याच्यापाशी आणायला थोडा वेळ हवा होता, एवढेच.

बुधाजीने मला खुंटीवरून काढले. पाण्यात टाकण्यासाठी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याने नेम धरून मला बाबाजीच्या अगदी हाताजवळ टाकले आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "ते सोड, बाबाजी! बोया धर! बोया धर!"

बाबाजीने माझ्याकडे पाहिले. मनगटाचा दोर सोडवला, नारळ सोडले आणि दोन्ही हातांनी मला घट्ट मिठी मारली. मी त्याच्यासह खाली गेलो.

त्या वेळी मला काय वाटले, असे तुम्ही विचाराल. काही वाटले नाही. त्याच्या हातांची पकड कळली, मग तीही कळली नाही. लाँच वळून आली तेव्हा पाण्यावर फक्त नारळ होते. ओहोटीला बाबाजी सापडला आणि थोड्या अंतरावर चिखलात मीही सापडलो.

साहेब आले. त्यांनी मला आठवडाभर उन्हात वाळवले आणि धक्क्याजवळच्या हौदात वजने बांधून सोडले. सारा गाव भोवती उभा होता. कोणी विडी पेटवली असेल, तर ती संपायच्या आत मी तळाला गेलो होतो. साहेबांनी मला काढून चाकूने कापले. आतून काळा भुगा पडला. त्यांनी माझ्यावर लाल फुली मारली.

बाबाजीची बायको नीराबाई पदर तोंडाशी धरून तिथे उभी होती. ती बुधाजीपुढे आली.

"दादा, त्यांच्या हातात नारळ व्हते म्हनतात. खरं हाय?"

"व्हय."

"मग सोडले कशापायी?"

बुधाजीला खोटे बोलता आले असते. लाटेने सुटले, असे म्हटले असते तर कोणी त्याला अडवले नसते.

"मी सांगितलं म्हनून," तो म्हणाला.

नीराबाई वळली. ती शिडाच्या होडीने परत गेली. त्यानंतर वर्षभर तिने शेटजींच्या लाँचमध्ये पाय ठेवला नाही.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे तुम्हाला शाळेत सांगतात. माझी काळजी कोणी घेतली नाही, असे मी म्हणणार नाही. माझ्याइतका जपलेला बोया साऱ्या कोकणात नसेल. पण जपणे वेगळे आणि पारखणे वेगळे. तुमच्या घरात एखादी वस्तू नुसती शिक्क्याच्या भरवशावर वर्षानुवर्षे टांगलेली असेल, तर तिला एकदा खाली काढा आणि तिच्याकडून तिचे काम करवून घ्या. बिघडली तर बिघडू दे. काम पडायच्या आधी बिघडलेली बरी.

पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर लाँचवर नवा बोया आला. तो आपल्याच देशात घडला होता आणि त्याच्यावर आपल्याच तपासणीचा शिक्का होता. एके दिवशी दुपारी वारा इतका होता की शिडाच्या होड्या बंद होत्या. नीराबाई मुरूडहून आली होती. तिला दिघीला उतरून घर गाठायचे होते, घरी लेकरे होती. ती टोपली घेऊन धक्क्यावर उभी राहिली. लाँच सुटायची वेळ झाली तरी तिचे पाऊल उचलेना. वखारीचे दार उघडे होते, म्हणून मला सगळे दिसले.

बुधाजीने तिला पाहिले. त्याने खुंटीवरचा नवा बोया काढला. कोळी बोयाशिवायही तरंगतो, हे तोही जाणून होता आणि तीही. म्हणून त्याने वखारीतला एक छोटा नांगर उचलला, दोराने आपल्या कमरेला बांधला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी, बोया हातात धरून धक्क्यावरून पाण्यात उडी घेतली. बायका किंचाळल्या. दोघे-तिघे गडी दोर घेऊन धावले, त्यांना त्याने खालूनच हात करून थांबवले. मग दोन्ही हात बोयावर टाकून तो लटकत राहिला. पाय हलवले नाहीत. लाटा तोंडावर आपटत होत्या आणि तो वर नीराबाईकडे पाहत होता.

लाँचमधले उतारू उठून उभे राहिले होते. नीराबाई धक्क्याच्या कडेपर्यंत गेली आणि त्याच्याकडे बघत राहिली. बराच वेळ गेला. बुधाजीचे ओठ काळेनिळे पडले, पण त्याने वर घ्या म्हटले नाही.

"पुरं, दादा," ती शेवटी म्हणाली. "वर या आता. मला पलीकडं जायचंय."