रिकाम्या पाठीने वर जायचं नाही

माझ्या नाकावर कायम राग असतो, असं आमचे हे म्हणतात. असेना. डोंगरउतारावरची शेती, शेळ्या, कोंबड्या आणि एक सासू सांभाळायची, तर नाकावर काहीतरी असलेलं बरं.

आमचं शेत म्हणजे डोंगराला पाडलेल्या पायऱ्या. सगळ्यात खाली घर आणि गोठा, मग दगडी बांध घालून केलेले एकावर एक टप्पे. खाली भाजी, मधे बटाटे आणि घेवडा, अगदी वर सफरचंदाची झाडं. इथे काही वाया जात नाही. चुलीतली राख कांद्यांना, शेळ्यांच्या लेंड्या बटाट्यांना, भाजीची देठं कोंबड्यांना. फक्त माती पळून जाते. पाऊस पडला की वरची माती बांधाच्या फटींतून सुटते आणि घरंगळत आमच्या मागच्या दाराशी येऊन बसते. ती पुन्हा वर न्यायची, दरवर्षी, जन्मभर.

त्यासाठी सासूबाईंचा एकच नियम होता: रिकाम्या पाठीने वर जायचं नाही. मागच्या दाराशी मातीचा ढीग, शेजारी खुंट्यांवर पाठीला अडकवायच्या टोपल्या. झाडं छाटायला जा, चुकार शेळी शोधायला जा, नाहीतर भांडून तणतणत जा, पाठीवर टोपली हवीच. जनावरांचे डॉक्टर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनाही सुटका मिळाली नव्हती. एका खांद्यावर औषधांची पिशवी, पाठीवर माती, असे ते बिचारे वर गेले.

मी आले सपाटीवरून. मला चढ म्हणजे घराचा जिना, एवढंच माहीत. लग्नानंतर पहिल्यांदा वर निघाले तेव्हा सासूबाईंनी माझी टोपली स्वतः भरली, स्वतः पाठीवर चढवली. मी धापा टाकत का होईना, वर पोहोचले. टोपली उतरवायला गेले, तर त्यांनी झटकन पट्टे धरले.

“दे इकडे. मी ओतते.”

“मी ओतते की.”

“मुळाशी हलक्या हाताने पसरायची असते. तुला नाही जमायचं.”

ते सबंध वर्ष माझी टोपली त्याच भरायच्या आणि वर झाडाआड नेऊन त्याच ओतायच्या; मला एकदाही रिकामी करू दिली नाही. माती ओतायला काय शिकवणी लावावी लागते? माहेरी गेले की मी सांगायचे, पहिल्या दिवसापासून काठोकाठ टोपली नेते, पण ती उपडी करायची अक्कल मला नाही, असं त्या घराचं म्हणणं आहे. हा राग मी पुढे बरीच वर्षं मुरवत ठेवला. भांडणात दुसरं काही सुचलं नाही की तोच बाहेर काढायचा.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर सासूबाई गोठ्यात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली. सगळा उन्हाळा त्या मागच्या दाराशी खुर्चीत बसून बियाण्याच्या शेंगा सोलत होत्या. सुरुवातीला मला बरं वाटलं, आता निदान वरून सूचना येणार नाहीत. मग लक्षात आलं, सूचना खरंच येत नव्हत्या. मी लसूण चुकीच्या वाफ्यात लावला तरी त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले. बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं, गप्प बसलेल्याशी काय करायचं?

भाऊजी, म्हणजे यांचे थोरले भाऊ, शहरात राहतात. त्यांनी फोनवर सांगितलं, आईला मी घेऊन जातो. घरात लिफ्ट आहे, दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे, इथे बर्फ पडला की रस्ता बंद होतो. त्यांचं काही चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “थंडी पडायच्या आत टोपली घेऊन सफरचंदांपर्यंत गेले, तर राहीन. नाही जमलं, तर येईन तुझ्याबरोबर. कुणाच्या जिवावर बसून खायला मी इथे राहणार नाही.”

आणि एकदा बोलल्या म्हणजे बोलल्या. आम्ही दोघांनी समजावून हात टेकले.

खरं सांगते, त्या जाव्यात असं मला मुळीच वाटत नव्हतं. कोणती कोंबडी खुडूक झाली ते ओळखायला त्यांनी मला शिकवलं. पहिली शेळी व्यायली तेव्हा माझ्या हातावर हात ठेवून पिल्लू ओढलं. या डोंगरावर मला जे काही येतं ते त्यांच्याकडून आलेलं आहे. पण हे तोंडावर कसं बोलायचं? आमच्यात तशी पद्धतच पडली नव्हती.

कोबीच्या पानांवर पहिलं दव गोठलं, त्या सकाळी भाऊजी गाडी घेऊन आले. सासूबाईंची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. त्या काठी टेकत उठल्या आणि मला म्हणाल्या, “टोपली तू भर. ही पोरं अर्धवट भरतील आणि मला कळलं नाही असं समजतील. तू काठोकाठ भर.”

मी टोपली घेऊन ढिगामागे गेले. तिथे शेळ्यांखाली अंथरायला आणलेला सुका पाला होता. मी तो टोपलीत कोंबला, गुडघ्याने दाबला, अर्ध्याच्या वर गेला तेव्हा थांबले. वरून माती घातली आणि थापून सारखी केली. माझ्यावर विश्वास टाकून त्यांनी सांगितलं होतं, म्हणून फार लाज वाटत होती. पण पाला काही मी काढला नाही.

आम्ही निघालो. पुढे त्या, मागे त्यांना सावरायला हात पसरून मी, त्यामागे शहरी बूट घालून भाऊजी आणि शेवटी आमचे हे. टोपल्या सगळ्यांच्या पाठीवर. पहिल्या बांधाशी त्या थांबल्या तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. पण त्या लसणाकडे बघत होत्या.

“हा इथे कुणी लावला? पाणी साचतं इथे.”

पुढच्या टप्प्यावर म्हणाल्या, “घेवड्याचे वेल अजून उपटले नाहीत? कुणाची वाट बघताय?” त्याच्या वर एक दगड हलत होता, त्यावरून आमच्या ह्यांचा उद्धार झाला. मी मुकाट्याने ऐकत होते. बोलणी खाताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

शेवटच्या चढाला त्यांचे पाय लटपटायला लागले. श्वास मोठ्याने येत होता, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पहिल्या सफरचंदाच्या झाडाला हात टेकला आणि तशाच उभ्या राहिल्या. मी धावले आणि पट्टे धरले.

“द्या इकडे. मी ओतते.”

त्यांनी पट्टा सोडला नाही. माझ्याकडे बघत राहिल्या.

“मुळाशी हलक्या हाताने पसरायची असते,” मी घाईघाईने म्हणाले. “तुम्हाला आता वाकायला जमायचं नाही.”

सासूबाई हसायला लागल्या. भाऊजी अजून खालच्या बांधाला टेकून धापा टाकत होते. त्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने त्या म्हणाल्या, “अगं, पाला कशाला घातलास? चालताना चुरचुरतो. मी ओलं गवत घालायचे.”

“कुठे?”

“तुझ्या टोपलीत. पहिलं वर्षभर.”

माझा एक हात पट्ट्यावरून सुटला.

“सपाटीवरची पोर तू. पहिल्याच दिवशी पाठ धरली असती, तर दुसऱ्या दिवशी माहेरी गेली असतीस,” त्या म्हणाल्या. “आणि मला तू हवी होतीस.”

इतकी वर्षं मुरवलेला राग, आणि एका वाक्यात त्यातलं काही उरलं नाही. मी त्यांचा हात धरला. “मलाही तुम्ही हव्या आहात, आई,” मी म्हणाले. रडू आलं, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

“कळलं,” त्या म्हणाल्या. “खालपासून ऐकतेय.”

एवढ्यात भाऊजी वर पोहोचले. “आई, टोपली भरलेली होती ना?”

त्यांनी माझ्या आधाराने वाकून टोपली झाडाशी उपडी केली. आधी वरची काळी माती पडली, मग पाला, मग आणखी पाला. भाऊजींनी पाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

“निम्म्याहून जास्त पालाच आहे की,” ते म्हणाले.

“आहे,” सासूबाई म्हणाल्या. “कुजून माती होईल. नीट कुजतोय का ते बघायला इथे कुणीतरी नको का?”

“खाली गेलो की तुझी बॅग आत ठेवतो,” भाऊजी म्हणाले. मग त्यांनी आपली टोपली उतरवली आणि ती झाडाशी उपडी करायला गेले.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या. “तुला नाही जमायचं. तिच्याकडे दे.”