अळणी रस्सा आणि बारीक अक्षरं

मी एक हंडी होते, मित्रांनो. आता माझे तुकडे ग्नेंडलच्या परसात कोबीच्या वाफ्याभोवती रोवलेले आहेत. पोलंडमधल्या लुब्लिनच्या रस्त्यावरच्या एका कुंभारानं मला घडवलं आणि ग्नेंडलच्या सासूनं मला मटणासाठी निवडलं. ज्यू घरात दूध आणि मटण एकत्र चालत नाही, म्हणून दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी. धातूचं भांडं बाटलं तर उकळत्या पाण्यानं शुद्ध होतं. मी पडले मातीची. मी बाटले की फोडायचीच!

पुष्कळ वर्षं माझं कौतुक झालं. "हिच्यातल्या रश्श्याला चवच और," असं सगळे म्हणायचे, आणि मी फुगायचे.

मग तो शुक्रवार आला. ग्नेंडल विधवा. तिच्या लेकीला, फ्राडेला, बघायला संध्याकाळी सुरू होणाऱ्या शब्बाथच्या, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवसाच्या, जेवणाला पाहुणे येणार होते. कितीतरी दिवसांनी घरात मटण शिजत होतं. ग्नेंडल पाण्याला गेली आणि मांजरानं फळीवरचा बकरीच्या दुधाचा मग पाडला! बहुतेक दूध निखाऱ्यांत गेलं, माझ्यात पडलं जेमतेम चमचाभर. तेवढ्यात शेजारची ख्रिस्ती यादविगा विस्तव मागायला आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं रस्सा ढवळून चाखला. ग्नेंडल दारात दिसताच ती म्हणाली, "अगं, अळणी झालाय की!"

ग्नेंडलला पालथा मग दिसला. मला फडक्यात धरून ती तशीच गावच्या धर्मगुरूंकडे, रब्बी काल्मनकडे, धावली.

रब्बींनी कायद्याचं मोठं पुस्तक उघडलं. मी टेबलावरून टकमका बघत होते. केवढी दाटी त्या पानावर! मधे जाड अक्षरं, भोवती बारीक, त्याभोवती आणखी बारीक. त्यांच्या पत्नी, रब्बीणबाई, म्हणाल्या, "अहो, मोठ्यानं वाचा, तिलाही कळू दे."

मधली अक्षरं दूर दक्षिणेकडच्या देशातल्या एका पंडिताची होती. जुन्या पंडितांचे शेकडो वर्षांचे वाद आटवून त्यानं ती लिहिली होती. तो म्हणत होता, दुधाच्या साठपट रस्सा असेल तर चालेल, किंवा परधर्मी माणसानं चाखून दुधाची चव नाही असं सांगितलं तरी चालेल. ग्नेंडलचा चेहरा उजळला. पण शेजारच्या बारीक अक्षरांतला पोलिश पंडित म्हणत होता, आपल्याकडे आता चाखण्यावर विसंबत नाहीत. त्याच्या पुढचे पंडित त्यावरही भांडत होते. मला मोठं नवल वाटलं, इतकं सगळं कोण लिहीत असेल, आणि कशासाठी?

"दूध किती पडलं?" रब्बींनी विचारलं.

"मी पाहिलंच नाही हो! पण यादविगानं आपणहून चाखलाय. ती अळणी म्हणाली, दुधाचं नावही काढलं नाही."

मला ठाऊक होतं किती पडलं ते. पण मला विचारतो कोण!

रब्बींनी पुस्तक मिटलं. "माझ्या एकट्याच्या जिवावर मी हो म्हणू शकत नाही. रस्सा खाऊ नकोस. हंडी बाजूला ठेव, मी थोरल्या रब्बींना विचारतो."

"हंडी बाजूला ठेवून काय पाहुण्यांना चाटायला देऊ? तुमच्या पुस्तकाला पोटची पोरं नाहीत!" असं म्हणून ग्नेंडलनं मला उंबऱ्यावरच आपटलं.

रब्बीणबाईंनी आपल्या चुलीवरची माशाची हंडी उचलून तिच्या हातात दिली आणि माझे तुकडेही फडक्यात बांधून दिले. रात्री रब्बी आणि रब्बीणबाईंनी पाव आणि कांदा खाल्ला. पाहुण्यांनी मासे खाल्ले आणि फ्राडेला पसंत केलं. तरी ग्नेंडल रब्बींशी बोलेना.

शब्बाथ संपताच रब्बी लिहायला बसले. "हंडी फुटली की हो, आता कशाला विचारता?" रब्बीणबाई म्हणाल्या.

"अगं, उद्या दुसरी बाई येईल ना!"

बर्फ वितळू लागलं तेव्हा उत्तर आलं. रब्बी स्वतः चिखल तुडवत ग्नेंडलकडे गेले. "चाललं असतं," ते म्हणाले. "शेजारीण काही माहीत नसताना सहज बोलली. पंगत अडलेली असताना एवढं पुरे होतं. मी चुकलो, ग्नेंडल. हे उत्तर आता पुस्तकाच्या कडेला छापणार आहेत."

ग्नेंडल परसातल्या तुकड्यांकडे बघत राहिली. "माझं नाव घालणार?"

"नावं नसतात. 'एक विधवा' एवढंच."

"असू दे." तिनं डोळे पुसले. "पुढच्या बाईची तरी वाचेल."

मित्रांनो, जाड पुस्तकाच्या कडेला बारीक अक्षरं दिसली तर कंटाळून पान उलटू नका. जरा थांबा, आणि हळू हातानं ते पान धरा. तिथं कुणाची तरी हंडी फुटलेली असते.