रिकामा रकाना

"आणखी एक अट घाला, मॅडम," व्यवस्थापक म्हणाले. "एकटे राहणारे."

तिने घातली. पडद्यावरची भाडेकरूंची यादी झरकन आखडली. शहरभर भाड्याच्या इमारती असलेल्या कंपनीसाठी ती हे वेबपान बांधत होती आणि व्यवस्थापक सकाळपासून शेजारी खुर्ची ओढून बसले होते. वय सत्तरच्या वर, आणि इमारत जुनी, आणि एकटे. तिला या कामाची गोडी होती. एक कंस इकडचा तिकडे झाला तर यादी कशी भलतीकडे वाहवते, हे तिला प्रोग्राम न चालवताच दिसायचं.

"आता शेवटची. जवळचा नातेवाईक, हा रकाना रिकामा."

सात नावं उरली. व्यवस्थापकांनी मान हलवली. "एक बाई यादीतून सुटली. तिसऱ्या मजल्यावरची. तिचंही कोणी नाही."

चूक आपली, हे तिला लागलं. तिने खोदून पाहिलं. कुणीतरी त्या रकान्यात नुसती मोकळी जागा टाइप केली होती. डोळ्यांना रिकामा, यंत्राच्या लेखी भरलेला. तिने अट सुधारली: रकाना रिकामा, किंवा त्यात फक्त मोकळी जागा. दोन्ही कंसात घेतलं, बटण दाबलं.

आठवं नाव तिच्या मावशीचं होतं. आई गेल्यावर जिने तिला वाढवलं, ती. मावशीची इमारत यांचीच असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"यादी कशासाठी हवीय, साहेब?"

"इमारत पाडायचीय. आधी कोणाला हलवायचं ते ठरवतोय." आवाजात ना राग, ना घाई. "ज्यांची चौकशी करायला कोणी येत नाही, तिथे कटकट होत नाही."

"कुठे हलवणार?"

"ते खातं वेगळं."

"ही माझी मावशी आहे."

व्यवस्थापक हसले. "मग नाव भरायला हवं होतं. भरा की आता."

तिने भरलं. आपलं नाव, नातं, फोन. मावशी यादीतून गेली. सात जण तिथेच राहिले. तिची बोटं कळफलकावर थबकली. त्यांच्या रकान्यात ती काय लिहिणार होती?

"झालं ना? छापून द्या."

तिने छापून दिली.

रविवारी ती मावशीकडे गेली. जिन्यात दोन दारांना नवी कुलपं होती.

"माझं नाव का नव्हतं दिलंस?"

"दिलं होतं गं. मग कारकुनाला म्हटलं, खोडा ते. उगाच तुला कामात फोन करतील आणि तू धावत सुटशील." मावशीने पाण्याचा पेला पुढे केला. "तू अशी का बघतेस?"

बाहेर काहीतरी घासल्याचा आवाज आला. मावशीने दार उघडलं. दोन माणसं शेजारच्या आजोबांचं कपाट खाली नेत होती.

"अहो, कुठे निघालात?" मावशीने विचारलं.

"सांगतो म्हणालेत," आजोबा म्हणाले.

कपाटाचा एक खण आजोबांनी स्वतःच्या हातात धरला होता. घडी केलेल्या सदऱ्यांनी भरलेला. हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी दोघींना मानेनेच निरोप दिला आणि पायाने पायरी चाचपत ते कपाटामागून उतरू लागले.