एका हाताने मिटणारा खेळ

कारखान्यात तिला सगळे घडीबाई म्हणत. मिटणारं स्टूल तिच्या डोक्यातून निघालं होतं, भिंतीला चपटं होऊन बसणारं कपडे वाळवायचं स्टँडही तिचंच. "हिचं लग्न झालं तर नवऱ्याचीही घडी घालून कपाटात ठेवेल," असं पॅकिंगच्या बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या, आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची.

खेळाची कल्पना मात्र तिला कारखान्यात सुचली नव्हती. ती सुचली आत्याच्या घरी.

आई गेल्यावर घडीबाईला आत्यानेच वाढवलं. आत्या घरी बसून शिवणकाम करायची. तिचे यजमान, म्हणजे घडीबाईचे काका, घड्याळं दुरुस्त करायचे. मागच्या वर्षी काकांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात कायमचा लुळा पडला. बोलणं हळूहळू परत आलं, पण बोलावंसं काही उरलं नाही. दोन्ही हातांनी केसाएवढे स्क्रू फिरवणारा माणूस आता शर्टाच्या बटणासाठी बायकोची वाट बघत बसायचा. कोणी पत्ते काढले तर म्हणायचे, "मला पिसता येत नाहीत." बुद्धिबळाचा पट आणला तर म्हणायचे, "सोंगट्या आवरायच्या कोणी?"

खेळायला त्यांचा नकार नव्हता. मांडायला आणि आवरायला कोणाच्या तरी तोंडाकडे बघावं लागतं, हे त्यांना सहन होत नव्हतं. घडीबाईच्या हे लक्षात आलं आणि तिने वही उघडली.

चार महिन्यांत खेळ तयार झाला. जेवणाच्या टेबलावर मावेल असा लाकडी पट, चार फळ्यांचा. मधोमध एक बुटकी भिंत आणि त्या भिंतीला एक छोटं दार. दोन्ही टोकांना रबर ताणलेलं. रबरावर लाकडी चकती टेकवायची, मागे ओढायची आणि दारातून पलीकडे सोडायची. आपल्या पाचही चकत्या जो आधी पलीकडे घालवेल तो जिंकला. एक हात पुरायचा. आणि खरी गंमत पुढेच होती. डाव संपला की कडेचा खटका अंगठ्याने दाबायचा. बिजागऱ्यांमधल्या स्प्रिंगा सुटायच्या, भिंत आडवी व्हायची, फळ्या एकमेकींवर यायच्या आणि 'खट्ट' असा आवाज होऊन सगळा पट जाडजूड पुस्तकाएवढा होऊन बसायचा.

मालकांनी तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. "हाच आपला खेळ," ते म्हणाले. "प्रदर्शनात लोक खेळतील की नाही ते सोड, नुसता मिटून बघायला रांग लागेल." प्रदर्शन महिन्यावर आलं होतं.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या मिस्त्रींनी. कारखान्यातलं सगळं लाकूडकाम त्यांच्या हाताखालून जायचं. त्यांनी पट तीनदा उघडला, तीनदा मिटला, आणि मधल्या बिजागरीकडे बोट दाखवलं.

"ही फट मला खटकते."

"मिटल्यावर फट राहतच नाही, मिस्त्री."

"मिटल्यावरचं नाही म्हणत मी. मिटता मिटता. अर्ध्यावर येतो तेव्हा बोट शिरेल एवढी जागा होते बघ. आणि मग स्प्रिंग ओढून घेते."

"मिटताना तिथे बोट कोण कशाला घालेल?"

"लोक कुठे कुठे बोटं घालतात ते तुला अजून माहीत नाही," मिस्त्री म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

घडीबाईने त्या संध्याकाळी फट मोजली. मिस्त्रींचं बरोबर होतं. फट एक तर बोट शिरणारच नाही इतकी अरुंद हवी, नाहीतर शिरलेलं बोट सुखरूप बाहेर येईल इतकी रुंद. ही नेमकी मधली होती. तिने वहीत लिहिलं, 'मधली बिजागरी, फट, बघणे.' पण बघायचं म्हणजे स्प्रिंग काढायची. स्प्रिंग काढली की एका हाताने मिटणं गेलं, तो 'खट्ट' गेला, टाळ्या गेल्या. तिने पान उलटलं. पुढच्या पानावर पिशवीचं माप होतं, ते करायला घेतलं.

वापरून बघायला सहा घरांत सहा पट द्यायचे ठरले. त्यातला एक तिने आत्याकडे दिला.

तिसऱ्याच दिवशी आत्याचा फोन आला. "अगं, हे हसले! चक्क मोठ्याने. मला सलग चार डाव हरवलं आणि वर म्हणतात कसे, तुझं लक्ष सगळं सुईत. आता जेवण झालं की ताटं उचलायच्या आधी पट मांडतात. स्वतः मांडतात, स्वतः मिटतात. मला हातसुद्धा लावू देत नाहीत."

घडीबाई फोन ठेवून टेबलावर डोकं टेकून जरा वेळ बसली. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी ती पट कसा चाललाय ते बघायला गेली. आत्याने दार उघडलं. तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीला भलं मोठं बँडेज होतं.

"हे काय?"

"काही नाही गं, कोबी चिरताना. चाकूला नवीन धार लावून आणली होती ना."

काका खिडकीपाशी बसले होते. पट कपाटावर नीट मिटून ठेवलेला होता. वापरणाऱ्यांसाठी दिलेला कागद आत्याने भरून ठेवला होता. सगळ्या प्रश्नांपुढे एकच उत्तर, 'छान.' घडीबाईने सवयीने पट उघडून तपासला. मधल्या बिजागरीपाशी लाकडाचं पॉलिश फिकं झालं होतं, ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा घासावं तसं. तिने पट उजेडाकडे तिरपा धरला. फडकं पोचत नाही अशा आतल्या खाचेत तपकिरी रेघ वाळली होती.

ती पट तसाच घेऊन स्वयंपाकघरात गेली.

"आत्या, कोबी नव्हता तो."

"हळू बोल." आत्याने आधी दार लोटलं. मग ओट्याला टेकून उभी राहिली. "आठ दिवस झाले. पाचव्यांदा जिंकले होते, भारी खुशीत होते. एक चकती बिजागरीपाशी अडकली होती, ती काढायला मी बोट घातलं, आणि त्याच वेळी त्यांनी खटका दाबला."

"मग?"

"मग काय. ओरडले नाही. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं. पदर गुंडाळला आणि आत आले. वरचा तुकडा गेला थोडा, नखासकट. डॉक्टर म्हणतात नख येईल, पण शेंड्याची जाणीव परत येईल की नाही सांगता येत नाही."

"आणि तू मला फोन नाही केलास?"

"तुला सांगितलं असतं तर तू पट घेऊन गेली असतीस. आणि यांना कळलं असतं की यांच्या हातून झालं." आत्याने तिच्या मनगटावर आपला चांगला हात ठेवला. "वर्षभराने तो माणूस जरा माणसात आलाय. त्या बोटाचं काय एवढं! नऊ आहेत अजून."

मला हे ठाऊक होतं, मी मोजलं होतं, वहीत लिहिलं होतं, एवढं घडीबाईला म्हणायचं होतं. ती फक्त म्हणाली, "पट मला न्यावा लागेल."

काका नाराज झाले. "कशाला? चांगला चाललाय की."

"थोडी दुरुस्ती आहे काका."

"घड्याळ चालू असलं की उघडू नये," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

दुसऱ्या दिवशी ती मालकांच्या खोलीत गेली. फळ्यांचे चारशे संच कापून तयार होते. प्रदर्शनाला नऊ दिवस राहिले होते. तिने सांगितलं की स्प्रिंगची बिजागरी रद्द करायला हवी.

मालकांनी सहाही घरांचे कागद पुढ्यात पसरले. "छान, उत्तम, छान, मुलांना आवडला, छान, खूप छान. तक्रार कुठे आहे?"

"एका बाईंचं बोट गेलं."

"कोणाचं?"

तिने आत्याचा कागद इतर कागदांखाली सरकवला.

"नाव नाही, कागदावर काही नाही. अगं, तूच बनवलंस, तूच नाचत होतीस. आता ऐन वेळी तुझ्या मनात काय आलं?"

घडीबाईने पिशवीतून पट काढला, टेबलावर उघडला आणि एक गाजर मधल्या बिजागरीत उभं धरलं. "दाबा खटका."

"काय पोरखेळ लावलायस?"

"दाबा ना साहेब."

त्यांनी दाबला. खट्ट. गाजराचा शेंडा उडून टेबलाखाली गेला. बाकीचं गाजर तिच्या हातात राहिलं. मालक वाकून खाली बघायला लागले, जणू तो तुकडा सापडला की झालेलं परत जोडता येईल.

"गाजर म्हणजे बोट नव्हे," ते सरळ होत म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

"नाही. बोट गाजरापेक्षा मऊ असतं. आणि मला हे आधीपासून माहीत होतं." तिने वही उघडून ते पान त्यांच्यासमोर ठेवलं. "मिस्त्रींनी सांगितलं होतं. मी मोजलं आणि पान उलटलं."

मालकांनी ते चार शब्द बराच वेळ वाचले. मग त्यांनी खोलीबाहेर जाऊन मिस्त्रींना बोलावलं. प्रदर्शनातली जागा सोडून दिली. मिस्त्रींना म्हणाले, "जाड कापडाची बिजागरी करून बघा, वेळ लागला तर लागू दे." आणि घडीबाईला म्हणाले, "तू तूर्त पॅकिंगकडे बघ." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पॅकिंगच्या बायकांनी तिला आपल्यात सामावून घेतलं. घडीबाई मात्र कोणी म्हणेना.

रविवारी ती आत्याकडे गेली. आत्या खाली दुकानात दोरा आणायला गेली होती. काका एकटेच होते. तिने चहा टाकला, कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि समोर बसली.

"पट आणला नाहीस," काका म्हणाले.

"नाही. तो आता तसा होणार नाही. स्प्रिंग काढली."

"बरं केलंस."

तिने मान वर केली. काका हातातल्या कपाकडे बघत होते.

"चाळीस वर्षं मी घड्याळं कानाला लावून काढली," ते एकेक शब्द सांभाळत म्हणाले. "चाकाचा दाता अडकला की मला आवाजात कळतं. त्या दिवशी पट पुरता मिटला नाही. आवाज अर्धाच आला. मी वळून बघेपर्यंत ती आत गेली होती. पट पुन्हा उघडला तर..." त्यांनी मान हलवली. "मीच पुसला तो. जमेल तेवढा."

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"बाहेर येऊन म्हणाली कोबी. त्या दिवशी पानात दुधी होता." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला त्यांना कप खाली ठेवावा लागला. "ती माझ्यासाठी खोटं बोलली. मग मी तिच्यासाठी खरं मानलं. दुसऱ्या दिवशी तिने परत पट मांडला, बँडेज बांधून. मी खेळलो. जिंकलोसुद्धा. आपण नाही म्हणालो तर तिला कळेल, म्हणून."

"चूक तुमची नाहीच. मला ती फट माहीत होती."

तिला वाटलं होतं, हे ऐकून ते रागावतील किंवा निदान त्यांचं ओझं हलकं होईल. त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"माहीत होती आणि माझ्यासाठी ठेवलीस?"

"थोडी तुमच्यासाठी. थोडी टाळ्यांसाठी."

जिन्यावर आत्याची पावलं वाजली. काका घाईने म्हणाले, "तिला बोलू नकोस. मला कळलं म्हणून."

"नाही काका, असं नको," घडीबाई म्हणाली. "आता पुरे." आणि आत्या दोऱ्याची पिशवी घेऊन आत आली तशी तिने तिला बसवलं आणि दोघांसमोर सगळं सांगून टाकलं, वहीपासून गाजरापर्यंत.

आत्या आधी काकांवर चिडली. "म्हणजे तुम्ही माझ्याकडून उगाच आठ दिवस हसून घेतलंत?" मग तिच्यावर. "आणि तू! मिस्त्री सांगत होता तर ऐकायला काय झालं होतं?" त्यानंतर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटत राहिली. घडीबाई मदतीला गेली तेव्हा तिने मागे वळूनही बघितलं नाही. त्या दिवशी तिला कोणी जेवायला थांब म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी खेळ बाजारात आला. बिजागरी कापडाची, मिटायला दोन्ही हात लागायचे, आवाज अजिबात नाही. खोक्यावर रचनाकार म्हणून मिस्त्रींचं नाव होतं आणि ते योग्यच होतं. घडीबाईने एक खोकं काकांना नेऊन दिलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं, काम चांगलं आहे म्हणाले, पण उघडलं नाही. ते पुन्हा पट मांडायला बसलेच नाहीत. संध्याकाळी एकटे कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन येतात, एवढंच.

आत्याचं नख वाकडं आलं. शेंड्याला जाणीव आली नाही. सरळ शिलाई मशीनवर होते, पण बटणांची काजं करताना कापड डाव्या बोटाने चाचपावं लागतं, ते जमेना. म्हणून घडीबाई रविवारी सकाळी येते आणि काजं करते. पहिले दोन महिने आत्या तिच्याशी कामापुरतंच बोलली. अजूनही फारसं बोलत नाही. कापड हातात घेते, उजेडात धरते आणि वाकडा टाका दिसला की परत तिच्या मांडीवर टाकते.

"उसव. पुन्हा घाल."

घडीबाई उसवते आणि पुन्हा घालते.