बेचाळीस जेवणांची सरासरी

थोरला गोदामात कारकून आणि कामात इतका पक्का, की आईचं आजारपणही त्याने तक्त्यात बसवलं. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईला गिळायला त्रास व्हायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "जेवणामागे सरासरी आठ चमच्यांच्या खाली आली, की थांबू नका. लगेच घेऊन या, नळी घालू." थोरला डोळ्यांत तेल घालून चमचे मोजायचा आणि दर रविवारी दूरच्या शहरात नोकरीला असलेल्या धाकट्या बहिणीला फोन करायचा.

"बारा आहे सरासरी. तू सुट्टी वाया घालवू नकोस."

सोमवारी आई गेली.

सगळं आटोपल्यावर बहीण त्याच्याशेजारी येऊन बसली. "दादा, शेवटपर्यंत जेवत होती ना रे?"

"अगं, हे बघ की!" त्याने मोठ्या विश्वासाने संगणकावर फाइल उघडली. शेवटचे दोन आठवडे, बेचाळीस जेवणं, खाली ठळक बारा.

बहीण वरपासून वाचू लागली. चौदा, दहा. नको म्हणाली. झोपली होती. अकरा. तोंड उघडलं नाही. नको म्हणाली. तिने मोजलं तर आकडे चौदाच निघाले, बाकी अठ्ठावीस घरांत शब्द.

"दादा, ही सरासरी फक्त आकड्यांची आहे. शब्द त्यात धरलेच नाहीत."

"गोदामात तसंच करतो आम्ही. ट्रक आला नाही, तर 'गाडी नाही' लिहायचं. तो दिवस सरासरीत येत नाही."

आता सांगा, काय बोलावं या माणसाला!  बहिणीने सूत्रातल्या अ‍ॅव्हरेज या इंग्रजी शब्दाच्या शेवटी ए हे अक्षर जोडलं. तसं केलं की शब्दाचं घरही मोजलं जातं, शून्य म्हणून.

बाराचे चार झाले.

थोरला पडद्याकडे बघत राहिला.  "शून्य लिहायला हात धजावत नव्हता गं," तो म्हणाला. "आईसमोर बसून शून्य कसं लिहायचं?"

"चार म्हणाला असतास तर मी त्याच दिवशी निघाले असते."

त्यावर त्याला रडू आवरेना. बहिणीने त्याच्या पाठीवर हात ठेवला खरा, पण तिचा राग काही गेला नव्हता. तो जायलाही नको होता.

"तिने माझी आठवण काढली?"

"रोज. धाकटी कधी येणार, म्हणून विचारायची. मी आईला सांगायचो, तू चांगली जेवतेस असं कळवलंय तिला, म्हणून ती येत नाही."

"मग?"

थोरल्याने नाक पुसलं. "म्हणायची, खोटं कशाला सांगतोस रे तिला? मला वाटायचं, माझी थट्टा करतेय."