बिनलेन्सची वर्षं

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या वडलांनी, दादांनी, कॅमेऱ्याची लेन्स देऊन ज्वारी आणली. नुसता कॅमेरा उरला. आख्ख्या मुरुड गावाचे लग्नाचे, बुद्धवंदनेचे फोटो काढले लिंबाजी फोटोग्राफरनी, म्हणजे दादांनी, पण माझ्या मायचा एकही नाही. घरचीच आहे, कधीही काढू, म्हणता म्हणता लेन्सच गेली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! दादांना ते फार डाचायचं.

त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी, वरच्या कोपऱ्यात. लेन्स नसली तरी तिच्यातून दिसतं. मग दर बुद्धपौर्णिमेला माय पांढरं लुगडं नेसून समोर बसायची. दादा एक डोळा खिडकीला लावायचे, दुसरा कॅमेऱ्याच्या बाजूला उघडाच. अंतर जुळेस्तोवर खिडकीत माय दोनदा दिसायची. लेन्सच्या रिकाम्या भोकातली चकती बोटानं ढकलत दादा त्या दोघींना हळूहळू एक करायचे. "धुरपता, हलू नगंस," म्हणून खटका दाबायचे. आत रोलही नसायचा. मला हसू यायचं, आणि रागही.

लातूर जिल्हा झाला आणि नव्या कचेरीत मला नोकरी लागली. पाऊस पुन्हा रुसला होता, पण माझा पहिला पगार झाला होता. दादांना घेऊन थेट नांदेड गाठलं.

तिथल्या कॅमेऱ्याच्या दुकानात नरसिंगसेठनं जुन्या लेन्सांचा डबा पुढं सरकवला. दादा एकेक उजेडाकडं धरून बघत होते. एकीच्या आत बुरशी धरलेली. तीच त्यांच्या हातून सुटेना.

"दादा, ती नका घेऊ."

"बघ तर, पंचशीला. धुकं पडलंय रस्त्यावर."

मी बघितलं. करपलेली दुपार दुधात विरघळत होती. ऑटो, पगड्या, बांगड्यांचे ढीग, सगळं ओलसर झालेलं. क्षणभर मलाही ती सोडवेना. शेवटी स्वच्छ काचेची घेतली.

"तुमच्याकडं कोरडी हवा. बुरशी लागायची न्हाई," सेठ म्हणाला.

"दुष्काळाचा तेवढा तरी उपयोग!" मी म्हटलं.

घरी माय अडून बसली. "आता काढता व्हय? दात पडल्यावर? आजवर तुमीच बघितलं. आता समदं गाव बघंल."

पण बसली. दादा अगदी जवळ गेले. खिडकीतल्या दोघींना एक करून त्यांनी खटका दाबला.

फोटो धुऊन आला. पिकलेला केस न् केस स्पष्ट. फक्त नजर लेन्सकडं नव्हती, जराशी बाजूला गेली होती. माझा जीव हळहळला. इतका खटाटोप करून चुकलंच शेवटी!

"माय, लेन्समधी बघायचं असतं गं. दादा, पुन्हा काढू."

दादा फोटो डोळ्यांजवळ धरून बसून राहिले.

माय चुलीपुढूनच म्हणाली, "तितं काय बघू? इतकी वर्सं नुसतं भोक व्हतं तितं. ह्यांचा उघडा डोळा बाजूला व्हता."