थांबवणारा माणूस

रिंग रोडवरच्या त्या हॉटेलात कापडाचे व्यापारी मुक्कामाला येत, पण नोकरीला माणूस टिकत नसे. योगराज मॅनेजर झाला आणि लोक चक्क राजीनामे मागे घेऊ लागले. त्याची युक्ती साधी होती. एरवी साहेब सगळ्यांशी हिंदीत बोलत. कुणी सोडून जातो म्हणालं, की त्याला चहाला बाहेर नेत आणि अहिराणीवर येत. खानदेशची माणसं तेवढ्यावर विरघळत.

हर्षदालाही त्याने असंच थांबवलं. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये राबणाऱ्या बापाची ही मुलगी रिसेप्शनवरून असिस्टंट मॅनेजर झाली होती. कामरेजच्या एका नव्या हॉटेलाने तिला थेट मॅनेजर म्हणून बोलावलं, तेव्हा योगराजने तिलाही चहाला बाहेर नेलं.

"तू चालनी गयी ते मन्हं कसं व्हई, बहीन?" तो म्हणाला. "मी बी कोठे जात नही. आपण दोन्हीसनी हाई हॉटेल उभं करेल शे."

हर्षदाचे डोळे भरून आले. तिने कामरेजला नकार कळवला.

पुढच्याच आठवड्यात हॉटेलच्या मालकाने, शेठने, गिऱ्हाइकांदेखत योगराजला झापलं. कारण काय, तर टॉवेल ओला निघाला. रागाच्या भरात योगराजने कामरेजला फोन लावला. तिथवर ठीक होतं, माणूस आहे. पण राग उतरला तरी स्वारी मुलाखतीला गेलीच, आणि आपण काय करतोय हे त्याला पुरतं कळत होतं.

कामरेजचे मालक गोपालभाई खुशीत होते. पगार ठरला, योगराजने हो म्हटलं. मग ते हसत म्हणाले, "हर्षदाबेनने ना बोला, तब मैंने पूछा, दूसरा कोई है? बोली, हमारे सर जैसा कोई नहीं, लेकिन वो आयेंगे नहीं. इसलिए मैंने आपको फोन ही नहीं किया!"

योगराजची कानशिलं तापली. लाजेने जीव नकोसा झाला. अजूनही 'माफ करा' म्हणून उठता आलं असतं. त्याला मात्र भलतंच सुचलं.

"भाई, एक मेहरबानी करो. उसको बोलना, फोन आपने किया था."

"एमां शुं!" त्यात काय एवढं, म्हणत गोपालभाईंनी तिथल्या तिथे हर्षदाला फोन लावला, स्पीकरवर. तुमच्या सरांना मीच बोलावलं, ते येताहेत, असं सांगून टाकलं. योगराज समोर बसून ऐकत होता.



"अच्छा," पलीकडून हर्षदा म्हणाली. "आपने बहुत हाथ-पैर जोडे होंगे, भाई. नहीं तो सर हमको छोडके जानेवाले नहीं."

"हां बेन," गोपालभाई योगराजकडे न बघता म्हणाले, "बहुत जोडे."